तो, ती, ते : महाराष्ट्रातील जर्मनच्या वर्गाची कहाणी

कळवण हा नाशिक जिल्ह्यातील डोंगराळ तालुका. सप्तशृंगीचा गड, गिरणेचे खोरे, चणकापूरचे धरण आणि कांद्याचा बाजार ही त्याची बाहेरच्यांना असलेली ओळख. आतली ओळख निराळी आहे. येथील कोकणा, भिल्ल आदी आदिवासी समाजांतील मूल घरी एक बोली बोलते, बाजारात अहिराणीच्या वळणाची बोली ऐकते, शाळेत प्रमाण मराठी वाचते, दूरचित्रवाणीवरून हिंदी उचलते आणि परीक्षेसाठी इंग्रजी पाठ करते. पाच भाषांच्या उंबरठ्यांवरून ये-जा करणाऱ्या या मुलासमोर आता सहावी भाषा येऊ पाहत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात सामंजस्य करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक, आचारी अशा कुशल मनुष्यबळाची त्या राज्याला गरज आहे आणि आपल्याकडे हाताला काम मागणारी तरुण मुले आहेत. मधली अट एकच, जर्मन भाषा.

कराराचे अर्थकारण तज्ज्ञांनी पाहावे. आम्हांला येथे वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. ही भाषा वर्गात कशी शिकवली जाणार आणि कशासाठी? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जर्मन भाषा आणि मराठी माणूस यांची गाठ पडून दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्या वर्षांत हा वर्ग कधी महाविद्यालयात भरला, कधी मिशनच्या ओसरीवर, कधी तुरुंगात, तर कधी काटेरी तारांच्या आड. त्या वर्गांचा मागोवा घेतल्यावाचून कळवणच्या फळ्यावर पहिले जर्मन अक्षर लिहू नये, असे आम्हांस वाटते.

शिक्षक आधी विद्यार्थी झाले

या कहाणीतील पहिले विद्यार्थी मराठी नव्हते, जर्मन होते. १८५९ मध्ये मार्टिन हाउग हा संस्कृतज्ञ पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत अध्ययनाचा प्रमुख म्हणून आला. तो वुर्टेमबर्गमधील ओस्टडोर्फ या खेड्यातील एका साध्या शेतकऱ्याचा मुलगा. ज्या राज्याशी आज करार झाला आहे, त्याच मुलखातला. ऐतरेय ब्राह्मणाचे संपादन हाती घेतल्यावर त्याच्या ध्यानात आले की, यज्ञविधीचे वर्णन ग्रंथात कितीही वाचले तरी ते डोळ्यांपुढे उभे राहत नाही. तेव्हा त्याने एका श्रौत्याकडून ते विधी आपल्यासमोर प्रत्यक्ष करवून घेतले आणि पाहत पाहत टिपून ठेवले. १८६३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामागे ही मेहनत आहे. शब्दाचा अर्थ कृतीत सापडतो, हा धडा युरोपातील विद्यापीठाच्या पदवीधराला पुण्यात मिळाला.

त्याच सुमारास, १८६३ मध्ये, गेओर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आला, आणि १८६६ मध्ये फ्रान्त्स कीलहोर्न डेक्कन कॉलेजात. कीलहोर्नने पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण आत्मसात केले आणि पुढे पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे सारे पंडित येथे शिकवण्यासाठी नेमले गेले होते हे खरे, परंतु त्यांच्या कामाचा पाया त्यांनी येथे जे शिकून घेतले त्यावर उभा आहे.

दुसरा प्रवाह आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निगडित आहे. १८५०च्या दशकात मुंबई-पुणे मिशनची जबाबदारी जर्मन प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे आली. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स या शाळा आणि १८६९ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय ही त्यांच्या परिश्रमांची फळे होत. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या राजवटीने कायदा करून जर्मनीत येशूसंघावर बंदी घातली आणि ती १९१७ पर्यंत उठली नाही. म्हणजे मायदेशाने ज्यांना आपल्या भूमीवर मठ वा शाळा चालवू दिली नाही, ती माणसे आमच्या मुलांसाठी महाविद्यालय चालवीत होती. तेथील माध्यम अर्थातच इंग्रजी होते. जर्मन ही त्यांची घरातली, प्रार्थनेनंतरच्या गप्पांची भाषा राहिली.

अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगरातील) खेड्यांत गेलेल्या त्यांच्या बंधूंची गोष्ट आणखी वेगळी. तेथे इंग्रजीचाही उपयोग नव्हता. राहुरीकडील केंदळच्या मिशनमध्ये काम करणारे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. एका जर्मन माणसाने मराठी नियतकालिक काढावे आणि ते शतक ओलांडून जावे, ही घटना आपण फार सहज घेतो. खेड्यातल्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलायचे, तर आधी त्याच्यापुढे निरक्षर व्हावे लागते, शेतकऱ्याच्या पोरांकडून उच्चार सुधारून घ्यावे लागतात. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, पण त्यांचे मराठीतील पहिले गुरू हे खेड्यातलेच लोक असले पाहिजेत.

पुस्तकापुरती भाषा

उलट दिशेचा प्रवास थोडा नंतर सुरू झाला. भारतविद्येचे उत्तमोत्तम संशोधन जर्मन भाषेत प्रसिद्ध होत असल्याने आपल्या विद्वानांना ती भाषा शिकणे भाग पडले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात, ज्या भाषांचा अभ्यास केला त्यांत जर्मन होती. समोर शिक्षक नाही, सोबती नाही, उच्चार ऐकवणारे कोणी नाही. पुस्तक आणि कोश एवढाच वर्ग. वाचता येणे हेच उद्दिष्ट असल्याने ते पुरेसेही होते.

पुढच्या पिढीने मात्र ती भाषा प्रत्यक्ष त्या देशात जाऊन ऐकली. पांडुरंग दामोदर गुणे लाइप्झिगला गेले. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला शिकले आणि १९२५ पासून त्यांनी भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. पाठचिकित्सेची जी शिस्त त्या आवृत्तीत दिसते, तिच्यावर जर्मन अध्ययनपरंपरेचा ठसा स्पष्ट आहे. रामचंद्र नारायण दांडेकर यांनी १९३८ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हायडेलबर्ग आज बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातच येते, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

या मालिकेत इरावती कर्वे यांचे नाव आम्ही मुद्दाम वेगळे घेतो. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. मानवी कवट्यांच्या असमान ठेवणीचा वंशाशी संबंध आहे, अशी गुरूची धारणा होती. कर्व्यांनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. फिशरचा वंशवाद पुढे नाझी राजवटीच्या सेवेला लागला. परक्या भाषेत शिकणे म्हणजे त्या भाषेतील प्रत्येक मत स्वीकारणे नव्हे. त्या भाषेत पुराव्यानिशी ‘नाही’ म्हणता येणे, हे भाषा आल्याचे सर्वांत पक्के लक्षण होय.

छावण्यांचा काळ

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन ही एका रात्रीत शत्रूची भाषा ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांसाठी अहमदनगर येथे मोठी स्थानबद्धता छावणी उघडण्यात आली. व्यापारी, खलाशी, प्रॉटेस्टंट मिशनरी आणि आपले येशूसंघीय धर्मगुरू, साऱ्यांवर एकच संशय. १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ या जहाजातून अनेकांची मायदेशी रवानगी झाली. ज्या शाळा त्यांनी उभारल्या त्यांतील शिक्षकवर्ग अल्पावधीत बदलला. युद्धानंतर मुंबईचे काम स्पॅनिश येशूसंघीयांकडे गेले. पुण्याचे बिशप डोरिंग आपल्या धर्मप्रांतापासून दुरावले. १९२१ मध्ये त्यांना जपानमधील हिरोशिमा येथे धाडण्यात आले आणि १९२७ मध्येच ते पुण्यास परतू शकले.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. या वेळी अहमदनगरपाठोपाठ आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथेही जर्मन आणि ऑस्ट्रियन स्थानबद्धांना ठेवण्यात आले आणि तेथून त्यांना डेहराडूनच्या मोठ्या छावणीत हलवले गेले. पुढे तिबेटमधील वास्तव्यामुळे जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर याच मार्गाने गेला. म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या मातीवर जर्मन भाषा पूर्वीही मोठ्या संख्येने बोलली गेली आहे, परंतु ती तारेच्या कुंपणाआड.

या काळाचा धडा साधा आणि कठोर आहे. परक्या भाषेचा वर्ग राजकारणाच्या मर्जीवर उभा असेल, तर तो राजकारणाच्या लहरीने उठतो. हे केवळ युद्धकाळात घडते असेही नाही. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, तिच्या जागी संस्कृत वा अन्य भारतीय भाषा आणण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवू. वर्षाच्या मध्यावर वही बंद करावी लागलेल्या मुलांचे नुकसान कोणत्याच बाजूने मोजले नाही.

पाठांतराकडून कृतीकडे

आता वर्गाच्या आत डोकावू. भाषा शिकवण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहता जर्मन भूमीचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. १६५८ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे कोमेनियस या मोराव्हियन शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस पिक्टुस’ हे लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांतील सचित्र पाठ्यपुस्तक निघाले. चित्र पाहा, वस्तू ओळखा, मग शब्द शिका, असा त्याचा क्रम. पण पुढील दोन शतके शाळांनी हा क्रम विसरून व्याकरण-भाषांतराची वाट धरली. नियम पाठ करा, रूपे चालवा, वाक्ये इकडून तिकडे उलथवा. आपल्याकडे संस्कृत आणि इंग्रजी याच रीतीने शिकवले गेले.

१८८२ मध्ये विल्हेल्म फिएटर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने एक छोटी पुस्तिका काढून या पद्धतीवर हल्ला चढवला. भाषा प्रथम कानाने आणि जिभेने शिकायची, लेखणीने नंतर, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास वुर्टेमबर्गमध्ये जन्मलेल्या माक्सिमिलियान बेर्लित्स याने अमेरिकेत १८७८ मध्ये शाळा काढली. तेथे पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याची मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली जाई. १९५१ मध्ये म्युनिक येथे ग्योथे इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. परदेशी जर्मन शिक्षकांना प्रशिक्षण देणे हे तिचे आरंभीचे काम. भारतात ती ‘मॅक्समुल्लर भवन’ या नावाने ओळखली जाते आणि मुंबई-पुण्यातील तिचे वर्ग कित्येक मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहेत. ज्यांचे नाव तिने येथे घेतले, ते माक्स म्युलर मात्र आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत.

महाराष्ट्राजवळ या बाबतीत स्वतःचाही वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, आणि पाने, बिया, शिंपले हीच शैक्षणिक साधने करावीत, हा त्यांचा मार्ग. कळवणमध्ये जर्मनचा वर्ग उभा करायचा, तर म्युनिकइतकेच कोसबाडकडेही पाहावे लागेल.

कळवणच्या फळ्यावर

मराठी मुलाला जर्मन अवघड जाते, असा समज आहे. आमच्या मते तो अर्धाच खरा. इंग्रजीतून जर्मनकडे जाणाऱ्याला तीन लिंगांचा फार त्रास होतो. मराठी मुलाला ती ओळखीची आहेत. तो, ती, ते आणि डेर, डी, दास. घर ते आणि ‘हाउस’ही ‘दास’. पाणी ते आणि ‘वासर’ही ‘दास’. मूल ते आणि ‘किंड’ही ‘दास’. शाळा ती आणि ‘शूल’ही ‘डी’. पाऊस तो आणि ‘रेगन’ही ‘डेर’. पण सूर्य आपल्याकडे तो आणि जर्मनमध्ये ‘डी झोने’, म्हणजे ती. कांदा आपल्याकडे तो आणि तिकडे ‘डी त्स्वीबल’, पुन्हा ती. पहिल्या आठवड्याची कृती यातूनच निघते. वर्गात तीन टोपल्या ठेवाव्यात, तो, ती, ते अशा. मुलांनी घरून आणलेल्या वस्तू आधी मराठी लिंगाप्रमाणे टाकाव्यात आणि मग जर्मन नाव कळताच टोपली बदलावी. कोणत्या वस्तूने टोपली बदलली, हे मूल सहसा विसरत नाही.

‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, याचे परक्यांना फार नवल वाटते. मराठी मुलाला वाटू नये. शब्दाला ‘शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की जर्मन नाम ‘दास’ होते. आपल्याकडेही लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू ही सारी ‘ते’च आहेत. हे शिक्षकाने सांगू नये. यादी फळ्यावर मांडावी आणि मुलांना शोधू द्यावे.

संख्यांचेही तसेच. जर्मन माणूस एकवीस म्हणताना ‘आईन-उंड-त्स्वान्त्सिख’ म्हणतो, म्हणजे एक आणि वीस. आपल्या एकवीस, बावीसमध्येही एकक आधी येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. जर्मनीतही दशक आधी म्हणावा असा आग्रह धरणारे लोक आहेत. या कृतीसाठी कांद्याच्या लिलावासारखी जागा नाही. वर्गात बाजार मांडावा, एकाने भाव पुकारावा, दुसऱ्याने लिहून घ्यावा. फोनवरून सांगितलेला आकडा ऐकून उलटसुलट न लिहिता टिपणे, हे परदेशी कामगाराला पहिल्या दिवसापासून लागणारे कौशल्य आहे.

वाक्यरचनेत तर एक गंमतच आहे. ‘कारण मी आजारी आहे’ हे मराठी वाक्य आणि ‘वाइल इख क्रांक बिन’ हे जर्मन वाक्य शब्दाला शब्द ठेवून जुळते. क्रियापद दोहोंत शेवटी. इंग्रजीच्या वाटेने गेल्यास ही जुळणी हरवते. म्हणून आमचा आग्रह आहे की, कळवणच्या वर्गात जर्मन ही मराठीतून आणि घरच्या बोलीतून शिकवावी, इंग्रजीच्या आडवाटेने नव्हे. बेर्लित्सने मातृभाषा दाराबाहेर ठेवली. आमच्या मुलांनी तसे केल्यास त्यांचे अर्धे भांडवल दाराबाहेर राहील.

संस्कृतीचा पाठ सणांपासून सुरू करण्याची रीत आहे आणि ती वाईट नाही. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या सणाला, जर्मन मुले हाताने केलेले कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या या संताची कथा वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हातांना हा कंदील परका नाही. आगमनकाळातील मेणबत्त्यांच्या चक्राची कथा त्याहून बोलकी आहे. १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखेर्न या लुथरन पाळकाने गरीब मुलांसाठी चालवलेल्या आश्रमात ही प्रथा सुरू केली. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले रोज विचारीत. त्याने एका लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, आठवड्याच्या दिवसांसाठी लहान आणि रविवारसाठी मोठ्या, आणि रोज एक पेटवली. कॅथलिक घरांत ती प्रथा बरीच नंतर आली. कळवणमध्ये बैलगाडीचे जुने चाक कोठेही मिळेल. त्यावर वारांची आणि दिवसांची जर्मन नावे आपोआप पाठ होतील.

मात्र येथे थांबू नये. सणांपुरती संस्कृती ही भेटकार्डावरची संस्कृती असते. जर्मनीतील मुले आपल्या देशाने १९३३ ते १९४५ या काळात केलेल्या अत्याचारांचा इतिहास शाळेत शिकतात. तो आमच्या मुलांनाही कळायला हवा, म्हणजे समोरच्या वृद्ध रुग्णाचे मौन त्यांना समजेल. आणि प्रत्येक पाठाचा परतीचा प्रवासही असावा. कंदिलाचा पाठ झाला की मुलांनी मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाचा उत्सव सोप्या जर्मनमध्ये सांगावा. कोण नाचते, कोणते वाद्य वाजते, रात्रभर का जागतात. फक्त ऐकणारा पाहुणा लवकरच नोकर होतो. ज्याला आपलेही काही सांगता येते, तो शेजारी होतो.

पाहुणे कामगार

हे आम्ही उगाच म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ असे नाव दिले. पाहुणा परत जाणार, हे गृहीत धरल्यामुळे त्याला भाषा शिकवण्याची निकड कोणालाच भासली नाही. १९७३ मध्ये भरती थांबली, पण माणसे तेथेच राहिली, त्यांची मुले तेथील शाळांत गेली आणि भाषेचा अभाव पिढ्यांना भोवला.

याच काळात, १९६०च्या दशकापासून, केरळमधील अनेक कॅथलिक तरुणी ख्रिस्तसभेच्या संस्थांमार्फत पश्चिम जर्मनीतील रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. बहुतेकींना जर्मन तेथे गेल्यावर, रुग्णाच्या खाटेशेजारी शिकावी लागली. त्यांनी सेवा केली, घरी पैसे पाठवले, भावंडांची शिक्षणे केली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बेकारी वाढली तेव्हा काही राज्यांत त्यांचे परवाने पुढे वाढवण्यास नकार मिळाला आणि अनेकींना परतावे लागले. ज्या राहिल्या त्यांच्या पतींना कित्येक वर्षे काम करण्याची मुभा नव्हती. ज्यांना भाषा चांगली येत होती त्यांनी अर्ज लिहिले, पाळकांशी आणि वृत्तपत्रांशी बोलल्या, आपली बाजू मांडली. भाषा येथे शोभेची वस्तू नव्हती, तो त्यांच्या हक्काचा कागद होता.

म्हणून आम्हांला ‘कामापुरती जर्मन’ या शब्दप्रयोगाची भीती वाटते. कामापुरती भाषा आज्ञा समजण्याइतकी असते. घराचा करारनामा वाचणे, पगाराच्या चिठ्ठीतील कपात विचारणे, डॉक्टरला दुखणे सांगणे, अन्याय झाल्यास तक्रार लिहिणे, एकटेपणात शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे, हे कामाबाहेरचे समजले जाते. माणूस मात्र बराचसा कामाबाहेरच राहतो.

वर्गाचा हिशेब

भाषाक्षमतेच्या युरोपीय मापनाचे ए-१ ते सी-२ असे सहा टप्पे २००१ पासून रूढ आहेत. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार बी-१ या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ साठी ६०० ते ८००. परिचारिकेची पात्रता जर्मनीत मान्य होण्यासाठी सामान्यतः बी-२ लागते. रोज दोन तासिका धरल्या, आठवड्याचे पाच दिवस धरले, तर हा दीड वर्षाचा पल्ला आहे आणि त्यात कांदालागवड, लग्नसराई, बससेवेचा खोळंबा धरलेला नाही. तीन महिन्यांत जर्मन शिकवून देऊ म्हणणाऱ्यांना पालकांनी हा हिशेब दाखवावा.

त्याहून अवघड प्रश्न शिक्षकाचा. पुण्या-मुंबईत जर्मनचे शिक्षक आहेत, पण कळवण, अभोणा, कनाशी येथे येऊन राहणारे किती? उत्तर आमच्या इतिहासातच आहे. जर्मन धर्मगुरूंनी खेड्यात राहून मराठी शिकली. पुण्यात ‘स्नेहसदन’ चालवणारे फादर मॅथ्यू लेदर्ले हे जर्मन येशूसंघीय मराठी विचारपरंपरेत इतके रमले की आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावर त्यांनी १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी हायडेलबर्गच्या ग्युंटर झोन्टहायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ निघाला. धनगरांच्या वाड्यांवर बसून, त्यांच्या ओव्या ऐकून त्यांनी तो सिद्ध केला होता. बाडेन-वुर्टेमबर्गचा एक प्राध्यापक मेंढपाळांचा शिष्य होऊ शकतो, तर त्या राज्यातील तरुण शिक्षकांनी एखादे वर्ष कळवणच्या आश्रमशाळेत राहून शिकवावे आणि शिकावे, अशी मागणी कराराच्या दुसऱ्या बाजूकडे करण्यात गैर काय? आमची मुले त्यांची भाषा शिकून जाणार असतील, तर त्यांच्यापैकी काहींनी आमची शिकून यावे. मुलांना नेण्याआधी त्यांचे डोंगर पाहावेत.

१८५९ पासूनच्या या कहाणीत जे वर्ग यशस्वी झाले, त्यांत दोन्ही बाजूंची माणसे विद्यार्थी होती. हाउग श्रौत्याचा, डोरिंग खेडुतांचा, सुखटणकर बर्लिनच्या गुरूंचे, झोन्टहायमर धनगरांचे. जेथे एक बाजू फक्त मागणारी आणि दुसरी फक्त पुरवणारी होती, तेथे पाहुणे कामगार निर्माण झाले. नाशिक धर्मप्रांतातील आपल्या शाळांनी, वसतिगृहांनी आणि धर्मग्रामांनी यातून बोध घ्यावा. सायंकाळी रिकाम्या असलेल्या वर्गखोल्या या शिक्षणासाठी द्याव्यात, मुलगा कोणत्या धर्माचा वा जमातीचा हे न पाहता. एजंटाने पुढे केलेला कागद सही करण्यापूर्वी वाचून दाखवणारा एक तरी जाणता माणूस प्रत्येक ठिकाणी असावा.

आणि पहिल्या दिवशी, जर्मनचा एकही शब्द लिहिण्याआधी, शिक्षकाने मुलांना एवढेच विचारावे : तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात? जेवढी उत्तरे येतील तेवढी फळ्यावर लिहावीत, एकही न पुसता. त्यांच्या खाली ‘वासर’ लिहावे.